गाडी चालवताना शिट्टीसारखा आवाज येतोय? गॅरेजला जाण्याआधी घरच्या घरी असं शोधा

गाडीतनं शिट्टी वाजायला लागली की बरेच जण म्युझिकचा आवाज वाढवतात, नाहीतर सरळ गॅरेजला जाऊन "जरा बघा, आवाज येतोय" म्हणून चावी देऊन मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसान आपलंच. गॅरेजवाला गाडी गल्लीत वीसच्या स्पीडने फिरवतो, तुमची शिट्टी वाजते ऐंशीच्या पुढे, त्यामुळे त्याला काही ऐकूच येत नाही, मग तो एकतर "काही नाही साहेब, नॉर्मल आहे" म्हणतो किंवा अंदाजाने एकेक पार्ट बदलायला लागतो आणि बिल वाढत जातं. ज्यांनी नुकतीच पहिली गाडी घेतलीय, ज्यांनी बोनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहितोय, कारण यातलं निम्म्याहून जास्त काम कुठलाही पाना न लावता होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून डोक्यात ठेवा. आवाज कुठून येतोय याच्या मागे लगेच लागू नका. आधी बघा आवाज कशाबरोबर बदलतोय. गाडीच्या आत कान फसतात, उजव्या आरशाचा आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो, मागच्या दरवाज्याचा आवाज छतातनं आल्यासारखा वाटतो. पण कशाबरोबर बदलतोय हे फसवत नाही. शिट्टी एकतर वाऱ्याची असते, नाहीतर इंजिनाची, नाहीतर चाकाची, नाहीतर एसी-ब्लोअरची. या चारपैकी कुठली ते एकदा कळलं की अर्धी लढाई संपली.

तयारी काय लागते

एक सरळ, रिकामा, सपाट रस्ता, जिथे कायद्यात बसून ८० चा स्पीड गाठता येतो. सकाळी लवकर जा, ट्रॅफिक नसतं आणि वाराही कमी असतो. सोबत कोणीतरी घ्या, हे अगदी महत्त्वाचं आहे, गाडी चालवणाऱ्याने फक्त गाडी चालवायची आणि कान लावायचं काम शेजारच्याने करायचं. खिडकीतनं डोकं बाहेर काढून ऐकणं वगैरे प्रकार अजिबात नको. कागदी मास्किंग टेप घ्या, पेंटवाले वापरतात ती, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. खाकी पॅकिंग टेप नको, उन्हात तिचा गोंद पेंटला चिकटून बसतो आणि मग तो काढत बसावं लागतं. आणि मोबाईल, रेकॉर्डिंगला.

स्टेप १: गाडी उभी ठेवून

मोकळ्या जागेत गाडी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, सायलेन्सरचा धूर जीवघेणा असतो. आता म्युझिक सिस्टीम बंद करा, चार्जरची पिन काढा, एसी आणि ब्लोअर बंद करा. म्युझिक सिस्टीम बंद करायला सांगतोय त्याला कारण आहे, कधी कधी शिट्टी चक्क स्पीकरमधनं येत असते, अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या पार्टचा, इलेक्ट्रिकल आवाज वायरिंगमधून अँप्लिफायरमध्ये घुसतो आणि रेस वाढली की सूर चढतो, ऐकणाऱ्याला वाटतं इंजिनच गेलं. बाहेरनं म्युझिक सिस्टीम बसवून घेतलेल्या गाड्यांत हे जास्त होतं, अर्थिंग नीट केलं की जातं.

सगळं बंद असताना इंजिन आयडलला, म्हणजे अजिबात रेस न देता, ऐका, मग हळूहळू अडीच-तीन हजार आरपीएमपर्यंत रेस द्या. उभ्या गाडीत शिट्टी आली तर वारा आणि चाक दोघंही सुटले, सरळ इंजिनाच्या भागाकडे जा. मग ब्लोअर एक-दोन-तीन-चार असा वाढवा, मग एसी लावा. ब्लोअरच्या स्पीडबरोबर आवाज वाढला तर ब्लोअरमध्ये पान-काडी अडकलीय किंवा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, धुळीने भरलाय, तो बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, स्वतः काढून बघता येतो. एसी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या मागून बारीक सूंऽऽ असा आवाज आणि त्याच वेळी कूलिंग कमी, तर गॅस कमी झालेला असू शकतो, ते एसीवाल्याचं काम आहे, तिथे आपण हात घालायचा नाही.

स्टेप २: रस्त्यावर

उभ्या गाडीत काही आलं नाही तर रस्त्यावर चला. जिथे शिट्टी येते तो स्पीड पकडा, समजा ८०. आता तोच ८० ठेवून पाचवा गिअर काढून चौथा टाका. स्पीड तोच, पण आरपीएम वाढले. सूर बदलला तर इंजिन. सूर जसाच्या तसा राहिला तर वारा किंवा चाक. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा पॅडल असतील तर त्याने हेच करा. चालत्या गाडीत न्यूट्रल करून बघायचा सल्ला खूप जण देतात, मॅन्युअल गाडीत सपाट सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, इंजिन चालूच ठेवून दोन-चार सेकंद ते करता येतं, पण गिअर बदलून तेवढंच कळत असेल तर गरज नाही. घाटात तर न्यूट्रल कधीच नाही, आणि चावी तर कुठेच बंद करायची नाही, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात.

वारा की चाक हे ओळखायला दोन-तीन गोष्टी बघा. एकाच रस्त्यावर जाताना आणि येताना आवाजात फरक पडतो का? पडला तर वारा, कारण गाडीचा स्पीड तोच असला तरी समोरून येणारा वारा बदलतो. शेजारून मोठा ट्रक गेला की शिट्टी क्षणभर तुटते किंवा बदलते का? तेही वाऱ्याचंच लक्षण. रस्ता बदलल्यावर, म्हणजे काँक्रीटवरनं डांबरावर गेल्यावर आवाज एकदम बदलला तर टायर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धीवर पहिल्यांदा गेलेले बरेच जण "गाडीतनं सूं आवाज येतो" म्हणतात, ती अनेकदा काँक्रीटवर आडव्या ओढलेल्या बारीक खाचांवरनं टायर जाण्याची असते, गाडीत काही बिघाड नसतो. आणि हलकेच, अगदी पायाने स्पर्श केल्यासारखा ब्रेक लावून बघा. आवाज लगेच थांबला किंवा बदलला तर चाकाकडे बघायचं.

वाऱ्याची शिट्टी

सगळ्यात जास्त वेळा हीच असते, आणि सगळ्यात कमी खर्चात हीच सुटते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

वाऱ्याचा आवाज स्पीडबरोबर फार वेगाने वाढतो, त्याची ऊर्जा साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढते असं धरतात. म्हणजे ६० वरनं ९० ला गेलात, स्पीड दीडपट झाला, पण आवाजाची ऊर्जा साधारण अकरा पट. त्यामुळे शहरात काहीच नाही आणि हायवेला लागलो की कान किटतात असं होतं, ते तुमचे भास नाहीत.

आधी गाडीवर बाहेरनं लावलेल्या वस्तू बघा. दरवाज्यावरचे रेन व्हायझर हा माझ्या मते पहिला संशयित, बाहेरनं घेतलेल्या व्हायझरची डबल टेप उन्हाने सुटते, कडेला नखाएवढी फट पडते आणि तीच वाजते. मग छतावरचा कॅरिअर, अँटेना, नंबर प्लेटची फ्रेम, फॉगलॅम्पचं निसटलेलं झाकण, वायपरखालच्या काळ्या प्लास्टिक पट्टीची तुटलेली क्लिप. आरशाचं कव्हर हाताने हलवून बघा, पार्किंगमध्ये कोणाचा धक्का लागून ते अर्धवट निघालेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

गोल दांडीवरनं वारा गेला की तिच्या मागे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यातनं सूर तयार होतो, दांडी जितकी बारीक तितका सूर वरचा. पाच मिलिमीटरची अँटेना १०० च्या स्पीडला साधारण ११०० हर्ट्झला वाजते, म्हणजे स्पष्ट शिट्टी. कॅरिअरचा अडीच सेंटिमीटरचा गोल पाईप त्याच स्पीडला सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे शिट्टीपेक्षा हूंऽऽ जास्त. अँटेनाच्या दांडीवर स्प्रिंगसारखा पीळ दिलेला असतो ना, तो शोभेसाठी नाही, ते भोवरे एका तालात सुटू नयेत म्हणून असतो. तुमची अँटेना साधी गुळगुळीत असेल आणि तीच वाजत असेल तर पीळवाली लावा. कॅरिअरच्या पाईपला दोरी तिरकी गुंडाळली, दोन वेढ्यांत थोडं अंतर सोडून, तरी फरक पडतो. आणि कॅरिअर वर्षातनं एकदा गावाला जातानाच लागत असेल तर बाकी वेळ काढून ठेवा की, पेट्रोलही वाचेल.

आता टेपची परीक्षा. आधी सांगितलेल्या वस्तूंतनं काही सापडलं नाही तर मास्किंग टेपने संशयित बाजूच्या सगळ्या फटी बंद करा, दरवाजा आणि बॉडीमधली फट, आरशाच्या बुडाची कड, पुढच्या काचेची वरची आणि बाजूची कड, सनरूफ असेल तर त्याच्या चारही कडा. ड्रायव्हरचा दरवाजा सगळ्यात शेवटी करा, आणि तिथे हँडलवर टेप लावू नका, गरज पडली तर दरवाजा झटक्यात उघडता आला पाहिजे. लाईट आणि नंबर प्लेट झाकायची नाही हे सांगायला नको. आता त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला जा. शिट्टी गेली तर ती या टेपखालीच कुठेतरी आहे. मग गाडी नीट बाजूला थांबवून एकेक टेप काढायची आणि परत चक्कर मारायची, ज्या टेपनंतर शिट्टी परत आली ती जागा पक्की. कंटाळवाणं काम आहे, पण यासारखा खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही. काम झालं की टेप त्याच दिवशी काढा.

जागा दरवाज्याची निघाली तर बीडिंग बघा, म्हणजे दरवाज्याच्या कडेचं ते काळं रबर. ते कुठे दबलंय, कुठे फाटलंय, कुठे खोबणीतनं निसटलंय ते बोट फिरवून कळतं. मग कागदाची पट्टी घ्या, ती बीडिंगवर ठेवून दरवाजा लावा आणि हळू ओढा. पट्टी घट्ट यायला पाहिजे. दर वीतभर अंतरावर हे करत पूर्ण दरवाजा फिरा, जिथे पट्टी सहज सरकन निघाली तिथे रबर टेकत नाहीये. रबरावर टाल्कम पावडर लावून दरवाजा एकदा लावून उघडला तरी समोरच्या पत्र्यावर ठसा उमटतो, ठसा तुटक आला ती जागा कच्ची.

रबर चांगलं असेल आणि फक्त धुळीने भरलेलं, कोरडं पडलेलं असेल तर शाम्पूच्या पाण्याने पुसून, वाळवून, सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन फिरवा. ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलिन लावू नका, खनिज तेलाने हे रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत आणखी बिघडतं. फाटलं असेल तर बदला, आणि शक्यतो कंपनीचंच घ्या. पुण्यात नाना पेठेसारख्या स्पेअर पार्टच्या बाजारात मीटरवर मिळणारं चिकटवायचं रबर स्वस्त पडतं खरं, पण त्याची जाडी तुमच्या दरवाज्यासाठी केलेली नसते, मग दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही आणि एका कोपऱ्यात नवीन फट पडते.

रबर ठीक, तरी पट्टी ढिली, तर दरवाजाच बाहेर राहतोय. बॉडीवर जो लोखंडी हूक असतो ज्यात दरवाज्याचं लॉक अडकतं, तो स्ट्रायकर किंचित आत घेतला की दरवाजा घट्ट बसतो. हे स्वतः करणार असाल तर ढिला करण्याआधी त्याच्या भोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा आणि एका वेळी एक मिलिमीटरच सरकवा. गाडीला अपघातात डेंटिंगचं काम झालं असेल तर मात्र बिजागरीच सरकलेली असू शकते, ते डेंटरकडेच.

पुढची काच बदलून घेतल्यानंतर शिट्टी सुरू झाली असेल तर शंभर टक्के आधी त्या काचेच्या कडेला टेप लावा. सीलंट कुठेतरी तुटक लागलेलं असतं. माझ्या मावसभावाच्या गाडीत काच बदलल्यावर शिट्टी आली, त्याने दुर्लक्ष केलं, पावसाळा आला आणि शेजारच्या सीटखालची मॅट ओली व्हायला लागली. वाऱ्याला जी फट मिळते ती पाण्यालाही मिळते. म्हणून अशा शंकेला अजून एक परीक्षा, पाईपने काचेवर हळू पाणी सोडायचं, खालनं सुरुवात करून वर जायचं, आणि आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. थेंब दिसला तर ज्याने काच बसवली त्याच्याकडेच जा आणि परत सील करून मागा, ते त्याचंच काम आहे.

एसी-ब्लोअरच्या बाबतीत रस्त्यावरचं एकच सांगतो. हवा आत फिरवायचं बटण दाबून बघा, बाहेरची हवा बंद केल्यावर शिट्टी गेली तर वारा वायपरखालच्या जाळीतनं आत घुसून वाजतोय. केबिन फिल्टर उलटा किंवा वाकडा बसवलेला आहे का ते बघा.

इंजिनाची शिट्टी

बोनेट उघडण्याआधी ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली चेन सगळं सांभाळा, केस बांधा. आणि इंजिन गरम असेल तर ते बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, तिथे बोटं घालू नका.

पट्ट्याचा, म्हणजे फॅन बेल्टचा आवाज बहुतेक गाडी सकाळी चालू केल्यावर किंवा पावसाळी दमट हवेत चीईई असा येतो, एसी लावला की वाढतो. बाटलीच्या स्प्रेने लांबनं थोडं साधं पाणी चालत्या पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर मारलं तर अंदाज येतो: आवाज क्षणभर गेला तर पट्टा आणि पुलीची, म्हणजे तो ज्या चाकावर फिरतो त्याची, रेघ जुळत नाहीये, आवाज उलट वाढला तर पट्टा ढिला आहे. पट्ट्यावर साबण किंवा कसलं तेल मारून आवाज बंद करणारे भेटतात, ते करू देऊ नका, पट्टा घसरतो आणि खराब होतो. पट्टा तुटला तर अल्टरनेटर बंद, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच असतो, मग इंजिन गरम होऊन मोठा खर्च. पाण्याने काहीच फरक नाही आणि घासल्यासारखा सततचा आवाज, तर पुलीचं किंवा अल्टरनेटरचं बेअरिंग.

पेट्रोल गाडीत आयडलला बारीक शिट्टी, आयडल वर-खाली होतोय, चेक इंजिनचा लाईट लागलाय, तर इंजिन कुठूनतरी चुकीच्या जागेतनं हवा ओढतंय. स्कॅनर, म्हणजे गाडीतले एरर कोड वाचणारं यंत्र, लावला तर पी०१७१ असा कोड दिसू शकतो, त्याचा अर्थ इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाईप हाताने दाबत जा, तडे बघा, क्लिप ढिली आहे का बघा. एअर फिल्टर नुकताच बदलला असेल तर डब्याचं झाकण नीट बसलंय का ते सगळ्यात आधी. उंदरांकडे पण लक्ष द्या, पावसाळ्यात ते ऊब शोधत बोनेटखाली येतात आणि हे पाईप कुरतडतात. अजून एक, आयडलला शिट्टी चालू असताना इंजिन ऑइलची डिपस्टिक जराशी वर ओढली आणि शिट्टी लगेच थांबली, तर क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली, हवा खेचणारा व्हॉल्व्ह, ज्याला पीसीव्ही म्हणतात, त्याचा पडदा फाटलेला असू शकतो. लीक शोधायला काही जण गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर मारतात, कोणालाही ते करू देऊ नका, आग लागते. गॅरेजमध्ये धूर सोडून लीक शोधायचं मशीन असतं, ते मागा.

टर्बोवाल्या गाडीत, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या गाडीत, डिझेल असो की पेट्रोल, जोरात पिकअप घेताना हलकी शिट्टी असतेच, ती टर्बो फिरण्याची असते आणि त्यात काळजीचं काही नाही. पण आवाज नव्याने सुरू झाला, किंवा दिवसेंदिवस वाढतोय, सोबत गाडी ओढत नाही, डिझेलमधनं काळा धूर, तर टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, किंवा तिथनं इंजिनाकडे जाणारा पाईप फाटला किंवा निसटला असण्याची शक्यता मोठी. कोड पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी. त्या पाईपच्या जोडावर ताजं ओलं तेल आणि धूळ चिकटलेली दिसली तर तिथेच बघा. सगळ्यात आधी पाईप आणि क्लॅम्प तपासायचे, टर्बो बदलायचं शेवटी. कोणी पाईप न बघताच टर्बो गेला म्हणून मोठं एस्टिमेट दिलं तर दुसऱ्याला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. पण आवाज सायरनसारखा चढत असेल आणि निळा धूर येत असेल तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

चाकाची शिट्टी

इथे उशीर करायचा नाही. अनेक ब्रेक पॅडना एक छोटी लोखंडी पट्टी असते, पॅड दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासून मुद्दाम वाजते. ही शिट्टी चाकाबरोबर फिरते, कमी स्पीडलाही येते आणि ब्रेकला पाय लावला की बदलते. ती आली की त्याच आठवड्यात पॅड बदला, नाहीतर डिस्कसकट खर्च. कच्च्या रस्त्यावरनं आल्यावर अचानक किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मधे खडा अडकलेला असतो, मोकळ्या जागेत थोडं रिव्हर्स घेतलं की बऱ्याचदा पडतो. चाक आणि डिस्क खूप तापलेली असतात, हात लावू नका. व्हील बेअरिंगचा आवाज शिट्टीपेक्षा घूंऽऽ जास्त असतो, हलकं डावीकडे वळताना वाढला तर बहुतेक उजवं, उजवीकडे वळताना वाढला तर डावं. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, हे गॅरेजच्या लिफ्टवरच बघू दे.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर इंजिनाचा भाग सोडून बाकी सगळं जसंच्या तसं लागू. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वाऱ्याची बारीक शिट्टीही मोठी वाटते, आणि पिकअप घेताना मोटरचा बारीक सूर असतोच. तो पहिल्या दिवसापासून तसाच आहे का, एवढंच बघा.

गॅरेजला जाताना

शेजारच्याला मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि रेकॉर्डिंगमध्येच बोलत राहा, "आता ६०, चौथा गिअर, एसी बंद... आता ८०, आली". हे ऐकवलं की मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि तो तुम्हाला हलक्यात घेत नाही. जॉब कार्डवर "आवाज येतो" एवढंच लिहू देऊ नका, असं लिहायला सांगा: "८० च्या वर पुढच्या डाव्या दरवाज्याकडून शिट्टी, गिअर बदलल्याने फरक नाही, टेप लावल्यावर बंद होते." टेस्ट ड्राइव्हला स्वतः सोबत बसा, आणि ती हायवेलाच घ्यायला लावा. काम झाल्यावर जुना पार्ट परत मागा, मग पैसे देण्याआधी त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, एसी आणि म्युझिक बंद करून, त्याच फोरमनला शेजारी बसवून एक चक्कर मारा. शिट्टी तिथे आली तर गाडी तशीच आत लावायची, बिल नंतर.